दादाचा रतीब

आमच्या गल्लीत भुताखेतांच्या गोष्टींना कधी तोटा नव्हता. कुणाचं भूत चिंचेखाली, कुणाचं पाण्याच्या टाकीवर, कुणाचं बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत. ज्याचं त्याचं आपापलं. मैत्रिणी एकमेकींना चिकटून त्या गोष्टी ऐकायच्या, आणि मला भीतीऐवजी राग यायचा. यांना काय ठाऊक भूत म्हणजे काय, असं वाटायचं. आमच्या घरात पांढरी साडी नव्हती, पैंजण वाजत नव्हते, दारंही आपोआप उघडत नव्हती. आमच्या घरात रोज सकाळी अर्धा लिटर दूध जास्त यायचं, एवढंच.

ते दूध दादाचं होतं. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, पेठेतल्या तालमीत जाणारा. तसा फार मोठा पैलवान नव्हता. जत्रेतल्या लहानसहान कुस्त्या मारायचा, नारळ आणि फेटा घेऊन यायचा आणि पुढचा आठवडाभर गल्लीतून मान ताठ करून फिरायचा. घरात दूध यायचं ते चहापुरतं. म्हणून दहावीत असताना तो कुणाला न विचारता चौकात गवळीमामांकडं गेला आणि उद्यापासून माझा सकाळचा वेगळा रतीब लावा, असं सांगून आला. बाबांना ते नंतर कळलं. बाबा एसटीच्या वर्कशॉपला होते, त्यांच्या चिडण्यालाही ड्युटीसारखी वेळ असायची. तेवढा वेळ चिडले आणि मग म्हणाले, पोरगं दूधच पितंय की, दारू तर न्हाय.

चौकातल्या कट्ट्याशी मामांच्या म्हशी बांधलेल्या असायच्या. लोक भांडी घेऊन उभे राहायचे आणि मामा डोळ्यांसमोर धार काढून द्यायचे. दादा तालमीतून थेट तिथं जायचा, अंगावर आखाड्याची लाल माती तशीच. त्याचा एक जंगी पितळी पेला मामांच्या खुंटीला अडकवलेला असे. त्यात धार पडायची, फेस वर यायचा आणि दादा उभ्याउभ्या तो पेला एका दमात रिकामा करायचा. मग मिशी नसलेल्या ओठांवरचा फेस मिशीसारखा ठेवून घरी यायचा, मला हसवायला.

मी पाचवीत असताना तो गेला. पेठ वडगावच्या बाजूला एका जत्रेत कुस्ती होती. मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसून परत येत होता, ट्रकनं उडवलं. मित्र वाचला. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि खरं म्हणजे सांगायचंही नाही.

दादाचे दिवस होईपर्यंत शेजारच्यांनी दूध आणून दिलं. त्यानंतर पहिल्यांदा आई स्वतः किटली घेऊन चौकात निघाली आणि मला बरोबर घेतलं. मामांनी आईकडं न बघता किटली भरली. मग त्यांचा हात खुंटीकडं गेला. पेला काढला, म्हशीखाली धरला आणि धार सोडली. सवयीचा हात तो, त्याला कोण सांगणार. फेस वर आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. ते तसेच उकिडवे बसून राहिले. म्हशीनं मान वळवून बघितलं, पण मामा काही उठेनात. दूध परत बादलीत ओतावं तर ते दादाच्या नावानं काढलेलं, आणि सांडावं तर दूध कोण सांडतं? शेवटी आईनं हात पुढं केला. पदराखाली झाकून तिनं तो पेला घरापर्यंत आणला. उंबऱ्याच्या आत आल्यावर क्षणभर थांबली, कुठं ठेवायचा हे न कळल्यासारखी. मग माझ्यासमोर धरला.

"पी," म्हणाली.

मी प्यायले. पेला माझ्या तोंडापेक्षा मोठा होता, दूध गालांवरून फ्रॉकवर ओघळलं. आई समोर उभी राहून माझ्या गळ्याकडं बघत होती, दूध खाली उतरतंय का ते. पेला रिकामा होईपर्यंत ती हलली नाही. मग पदरानं माझं तोंड पुसलं आणि आत गेली.

पहिल्या दिवशी ती चूक होती. दुसऱ्या दिवशी आईनं घासून परत नेलेला पेला मामांनी पुन्हा धारेखाली धरला तेव्हा ती चूक राहिली नव्हती. तिसऱ्या दिवसापासून आमच्या घरात ती रीतच झाली.

बाबांनी एकदा प्रयत्न केला. रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते चौकात गेले, जसं काही सरकारी काम आहे. मी मागोमाग गेले होते. त्यांनी मामांना हळू आवाजात सांगितलं की आता घरचं तेवढं ठेवा, ते दुसरं बंद करा. मामा म्हशीच्या अंगावर पाणी मारत होते. ते थांबले नाहीत.

"ज्यानं रतीब लावला त्यानं सांगाय लागतंय," मामा म्हणाले. "पैलवान सवता येऊन सांगून गेलाय. बंद कर म्हणून कुठं सांगितलंय त्यानं?"

बाबा तसेच घरी आले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. महिन्याच्या महिन्याला दोन्ही रतिबांचे पैसे देत राहिले. मला तेव्हा मामांचा संताप आला होता. आता वाटतं, त्यांचंही पोरगंच होतं की ते. रोज सकाळी त्यांच्यासमोर उभं राहून दूध पिणारं दुसरं कोण होतं त्यांना?

दूध अंगी लागतं म्हणतात ते खोटं नाही. सातवीत मी वर्गातल्या सगळ्या मुलींच्या वर डोकं काढलं. आठवीत खांदे भरले. पाहुणे आले की मला उभं करून बघायचे आणि मग आईकडं बघून म्हणायचे, भावावर गेली गं पोर. आई नुसतं हं म्हणायची. शाळेतल्या पीटीच्या बाईंनी माझे खांदे बघितले आणि काही न विचारता कबड्डीच्या संघात घातलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. माझ्या एका अंगात दोन भावंडं राहत होती. आंघोळीनंतर आरशासमोर उभी राहिले की माझं काय आणि त्याचं काय, याची मला वाटणी करता यायची नाही. केस माझे होते. नाक बाबांचं होतं. पण दंड? ते चालणं? कधीकधी चढाई करून परत येताना मैदानाच्या कडेला कुणीतरी म्हातारा पुटपुटायचा, "आरं, पैलवानच की ह्यो," आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

आई दुधाबरोबर बदामही भिजत घालू लागली. बाकी सगळ्या खर्चाला घरात कात्री होती. बाबांनी चष्म्याची मोडलेली दांडी दोऱ्यानं बांधून वर्ष काढलं, दिवाळीला आईनं साडी घेतली नाही. दुधाला आणि बदामाला मात्र हात लागला नाही. जिल्ह्याच्या सामन्यांआधी तिनं मला राजारामपुरीतल्या एका दुकानात ट्रॅकसूट घ्यायला नेलं. दुकानदारानं माझ्याकडं बघून एक गुलाबी काढला. आईनं तो बाजूला सारला आणि निळा मागितला. दुकानदार म्हणाला, पोरासाठी असेल तर पोराला आणायचं होतं की, माप बघितलं असतं. आईनं तो निळा माझ्या पाठीला लावून बघितला, खांद्याला खांदा जुळवला आणि म्हणाली, "बरोबर हाय." दुकानदारानं तोच बांधून दिला.

मग ती संध्याकाळ आली.

बाहेरच्या लोकांना हे सांगावं लागतं की आमच्या कोल्हापुरात पोरी 'मी आले, मी गेले' म्हणत नाहीत. आम्ही 'आलो', 'गेलो', 'जेवलो'. पुढं पुण्यात नोकरीला गेल्यावर माझ्या या बोलण्यावर सगळं ऑफिस हसून घ्यायचं, आणि मी त्यांना हसू द्यायचे. पण त्या संध्याकाळचं त्यांना कधी सांगितलं नाही.

मी नववीत होते. सराव करून घरी आले होते, ओरडून ओरडून घसा पार बसलेला. अंगणात सायकल लावली, चपला काढल्या, दिवेलागणीची वेळ होती आणि लाइट अजून लावलेले नव्हते. आई स्वयंपाकघरात होती. आवाज ऐकून तिनं हाक मारली. दादाच्या नावानं. हाक मोठी नव्हती, काळजीची नव्हती, वेड्यासारखीही नव्हती. जशी ती पूर्वी रोज मारायची तशीच.

तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देऊ नये म्हणतात. माझ्या लक्षात राहिलं नाही. बसलेल्या, जाड्या आवाजात मी म्हटलं, "आलो."

आत भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात आली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. तसं हसू मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं, असं काही हसू होतं हेच विसरले होते. अंधुक उजेडात तिनं मला बघितलं, मी आहे हे तिला कळलं, तरी ते हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तिथंच राहिलं, उतरायला जागा शोधत. मग गेलं. ती म्हणाली, "हातपाय धू," आणि आत वळली.

मी न्हाणीत जाऊन पाण्याचा आवाज करत खूप रडले. ते हसू माझ्यासाठी नव्हतं याचं मला जेवढं दुःख झालं, तेवढं दादा गेला तेव्हाही झालं होतं की नाही, शंका आहे. दुसऱ्या दिवसापासून मी घरात 'आले, गेले' म्हणायला लागले. मैत्रिणींना कळलं तेव्हा त्यांनी मला पुण्याची पाहुणी म्हणून फार छळलं. मी त्यांना कारण काय सांगणार? की मी बोलले तर तो बोलतो?

यथावकाश मी दादाच्या वयाची झाले आणि पुढं गेले. तो सतराचा राहिला, मी अठराची झाले, कॉलेजात गेले. वाटलं होतं, आता त्याची वाट संपली, आता आईला माझ्यात दिसण्यासारखं त्याचं काही उरणार नाही. तसं झालं नाही. रोज सकाळी पेला समोर यायचा. गल्लीतल्या घरांनी एव्हाना पिशवीचं दूध सुरू केलं होतं. मामांच्या म्हशी कमी होत होत दोनच उरल्या होत्या, आणि महापालिकेची माणसं चौकातून त्याही हलवा म्हणून येऊन सांगून जायची. मामांचे हात थरथरायला लागले होते. तरी आधी किटली आणि मग पेला, हा क्रम चुकला नाही.

मला पुण्यात नोकरी लागली. बाबांनी पेढे आणले, पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. आई चुलीशी पाठमोरी होती. मी वाट बघत होते की ती काहीतरी म्हणेल. एकटी कशी राहणार, काय खाणार, सुट्टीला कधी येणार. कुठलीही आई विचारते ते.

तिनं वळून विचारलं, "आन् दूध?"

माझं डोकं फिरलं. आयुष्यात एवढी चिडले नव्हते मी. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या आधी चौकात गेले. मामा नुकतेच म्हशीखाली बसत होते. मी सांगितलं की रतीब बंद करा. त्यांनी वर न बघता तेच ऐकवलं, लावणाऱ्यानं सांगाय लागतंय.

"मामा, त्यानं दोन वर्षं पिला. त्याच्यानंतर मी पितोय," मी म्हटलं. "त्याचा कधीच संपला. ह्यो माझा हाय, आणि माझा मी बंद करतोय."

मामांनी वर बघितलं. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते, पण म्हाताऱ्या माणसाचे डोळे सकाळी तसेही भरलेले असतात. ते बरं म्हणाले. मी घरी येऊन अंथरुणाच्या घड्या घालत बसले.

थोड्या वेळानं आई किटली घेऊन गेली आणि आली. एका हातात किटली होती, दुसरा हात रिकामा. मी उठून उभी राहिले. आता ती ओरडेल, रडेल, माझं तोंड बघणार नाही म्हणेल, सगळ्याची मी तयारी केली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मामा म्हणालं, तू तुझा बंद केलास."

मी मान हलवली.

तिनं किटली या हातातून त्या हातात घेतली. मग तिनं असं काही विचारलं, जे इतक्या वर्षांत या घरात कुणी मला विचारलं नव्हतं.

"तुला आवडायचं का गं दूध?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला कळलं की मला ठाऊकच नाही. कधी विचार केला नव्हता. तसंच सांगितलं.

"मग पीत का ऱ्हायलीस एवढी वर्षं?"

"तेवढा वेळ तू माझ्याकडं बघायचीस," मी म्हटलं.

आई दारातच खाली बसली, किटली मांडीत घेऊन. माझ्याकडं बघत राहिली. माझ्या हातात पेला नव्हता.