बोरन्हाणाचा फोटो

समोरच्या फ्लॅटमध्ये छताचं पीओपीचं काम चालू आहे. दार उघडलं की ओल्या प्लास्टरचा खडूसारखा वास आत येतो आणि गाझियाबादच्या या नवव्या मजल्यावर मी घाईघाईने दार लावून घेते. सतरा वर्षं झाली, हा वास काही पाठ सोडत नाही.

लेक जन्मली ती डावं पाऊल आत वळलेलं घेऊनच. आम्ही तेव्हा दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दर आठवड्याला डॉक्टर ते पाऊल हलक्या हाताने थोडं थोडं बाहेर वळवायचे आणि नवं प्लास्टर घालायचे. सहा प्लास्टरं झाली, टाचेमागची शीर इवलासा छेद देऊन सैल केली, आणखी एक प्लास्टर झालं आणि पाऊल सरळ! त्या टाचेचे मी किती मुके घेतले असतील. मग आले बूट, मधोमध लोखंडी पट्टीने जोडलेले. तीन महिने दिवसरात्र घालायचे, पुढे चार वर्षं फक्त झोपेत. "प्लास्टर हमारा काम था," डॉक्टर म्हणाले, "जूते आपका काम है."

बुटांचा तिसरा महिना सरत नाही तोच संक्रांत आली. पहिलं बोरन्हाण. सासूबाई पुण्याहून हलव्याचे दागिने घेऊन आल्या, कॉलनीतल्या मराठी बायकांना आमंत्रणं गेली. "चारचौघींत ते लोखंड कशाला? मुलीची जात, उद्या नावं ठेवतील," सासूबाई म्हणाल्या. मी मुकाट्याने बूट काढले. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. बोरं-चुरमुरे अंगावर घेऊन लेक खुदखुदली आणि त्या दुपारी इतकी गाढ झोपली की मला बूट चढववेनात. आजचा दिवस राहू दे, म्हटलं. एका दिवसाचे आठ झाले, आठाचे महिने. सासूबाईंना दोष देणं सोपं आहे, पण त्या पंधरा दिवसांत परत गेल्या; बूट माळ्यावर टाकले ते मी.

पाऊल पुन्हा वळू लागलं. डॉक्टर रागावले नाहीत. फिर से प्लास्टर, फिर से जूते, एवढंच म्हणाले. नवरा वैतागला होता. "बस झालं यार. एकदाच काय ते ऑपरेशन करून टाकू." आम्ही दुसरा सर्जन गाठला. मला किती हायसं वाटलं होतं! ऑपरेशन दुसरं कुणीतरी करतं, बूट मात्र रोज आईला घालावे लागतात. मला ते रोजचं नको होतं. हे मी परवापर्यंत कुणाला बोलले नव्हते.

ऑपरेशन चांगलं झालं. पाऊल सरळ आहे, फक्त लाकडासारखं ताठ. घोट्याभोवती लांब व्रण आहे. तिला उकिडवं बसता येत नाही, मेट्रोत दोन स्टेशनं उभी राहिली की ओठ चावते. ताठलेला सांधा आता कुणी मऊ करून देणार नाही.

परवा कपाट आवरताना तिला बोरन्हाणाचा फोटो सापडला. मी तिला सगळं सांगून टाकलं, बुटांचंही. तिने फोटो उजेडात धरला. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, बाजूबंद आणि थंडी म्हणून सासूबाईंनी कमरेपासून खाली गुंडाळलेली शाल.

"अच्छा," ती म्हणाली. "पण आई, पाय तर दिसतच नाहीयेत."