खांद्यावरची फळी

"स्कॉलरशिपवाले दोघं पुढं या. सपोर्ट पाहिजेत."

शिरूरकडचं पॉलिटेक्निक. मेकॅनिक्सचा तास. बीमच्या दोन टेकूंवर किती भार येतो, ते काढायचं होतं. त्याचं उपकरण लॅबच्या कपाटात होतं. सरांनी ते काढलं नाही. मला आणि दौंडच्या आरिफला गुडघ्यांवर बसवलं. आमच्या खांद्यांवर लांब फळी ठेवली. फळीवर बसवला संस्थेच्या संचालकाचा मुलगा.

"हा लोड. ते ए, ते बी. काढा रिअॅक्शन." मग त्या मुलाला म्हणाले, "सरक जरा ए कडं."

ए म्हणजे मी. तो सरकला. त्याच्या बुटाची टाच माझ्या बरगडीला लागली.

"आता कुणावर जास्त?"

"ए वर!" सगळा वर्ग ओरडला.

"त्याचं तोंड बघून सांगू नका. मोमेंट घ्या, गणितानं काढा."

हशा.

"सर, उतरवा. दुखतंय."

"बाप यवतला गुळाच्या ढेपा उचलतो ना? मग? रक्तातच आहे तुमच्या."

पुन्हा हशा. आरिफही हसला. त्याचा खांदा हलका झाला होता. फळीवरचं वजन तेवढंच होतं. आरिफचं जेवढं कमी झालं, तेवढं माझ्यावर आलं. कुणावर किती, ते वरचा ठरवत होता. आणि खालचा खालच्याला हसत होता.

"सर, फळीचं पण वजन हाय."

"फळीचं धरायचं नसतं. गणितात दिलंय तसं."

मी खांदा काढून घेतला.

संचालकाचा मुलगा फरशीवर आपटला. सरांनी माझ्या कानाखाली मारली. "सगळ्यांसमोर माफी माग. नाहीतर इंटर्नलला शून्य."

संध्याकाळी यवतहून वडिलांचा, आबांचा, फोन आला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"माग की माफी. दोन शब्दानं काय झिजतंय? वरीस जाईल, पोरा."

"जाऊ द्या, आबा. मी माफी मागितली तर उद्या तिथं दुसरा बसंल."

आबांनी फोन ठेवला.

शून्य मिळालं. विषय राहिला. रांजणगावच्या कंपनीत लागायचं होतं, तेही लांबलं. आरिफ माझ्याशी बोलत नाही.

आता पहिल्या वर्षाची नवी पोरं आलीत. मी एकेकाला गाठून सांगतोय, आरिफलाही सांगणार आहे: गुडघे टेकायचे नाहीत. मारलं तरी नाही. नापास केलं तरी नाही. आणि एवढं सांगून कुणी टेकलेच, तर भर वर्गात शिरून मी त्याला दंडाला धरून उठवणार आहे.