डाव्या हाताचं मीठ

काल ताटात डावीकडे मीठ वाढलं आणि माझं डोकं पुन्हा तापलं. इतकी वर्षं झाली, तरी तापतं.

मी लहान असताना पेणजवळ आमची मिठागरं होती. बाबांच्या अंगावरून वारं गेलं, पण हिंडू-फिरू लागले. जेवताना मात्र उजवीकडचा भात संपवून विचारायचे, "भात सरला? मीठ न्हाय वाढलंस?" डावीकडे सगळं तसंच असायचं.

त्या दुपारी मोठे काका ओरडले, "मिठागरवाल्याच्या घरात मीठ मागतो! समोर हाय की. कामाला यायला नको म्हणून सोंगं. उद्यापासून कामाला येईस्तोवर ह्याला वाढू नका!"

बाबा मान खाली घालून बसले. आई चुलीपुढून उठली आणि तिनं त्यांचं ताट नुसतं फिरवलं.

"आलं गं मीठ," बाबा म्हणाले आणि भराभरा जेवू लागले.

"बघा भावजी, त्यांना ती बाजू कळतच न्हाय."

"बरं पढवलंस गं नवऱ्याला!" काका हसले. अख्खी पंगत हसली. दुसऱ्या दिवसापासून आई बाबांना आपल्या ताटातलं चोरून भरवू लागली.

काल हे सगळं ऐकून माझी नर्स झालेली नात म्हणाली, "आजी, उजव्या मेंदूला इजा झाली की डोळे धड असूनही डावी बाजू माणसाच्या ध्यानातच येत नाही. तेव्हा कुणाला माहीत असणार?"

अगं, माहीत नव्हतं हे मी कधीच माफ केलं असतं. पण आईनं डोळ्यांसमोर ताट फिरवून दाखवलं होतं. त्या हसणाऱ्यांचे मेंदू तर धड होते ना?