मागच्या दाराची अट

जळगावच्या ऑफिसात बसून लिहिलेल्या चार ओळींची मला अजून किळस येते. प्रोग्राम लिहून पोट भरणारा माणूस मी. वाईट ओळी पुष्कळ लिहिल्या. पण या चार वाईट नव्हत्या, अगदी बिनचूक होत्या.

फावल्या वेळात मी एक गेम करत होतो. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. 'आत', 'बाहेर', 'पाणी पी' असं टाइप करायचं आणि पडद्यावर पुढे काय झालं ते वाचायचं. जागा म्हणजे रावेरकडचं आमचं घर आणि केळीची बाग. खेळणाऱ्याने मालकाचा मुलगा व्हायचं किंवा केळी कापणारा मजूर. मध्येच बदलताही यायचं. मजूर स्वयंपाकघराकडे वळला की उत्तर यायचं, 'पाणी मागच्या दाराशी ठेवलंय. तिथेच थांब.' वाक्य माझ्या आईचं. ते जसंच्या तसं आठवलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो, मूर्खासारखा.

गेम तपासायला बसला शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा. त्याची आई आमच्याकडच्या बागांमध्ये घड वाहायला यायची. थोडं हिंडून तो वैतागला. "मांगे जायाची काही सोय नाही का याच्यात?" मलाही पटलं. खेळणारा जिथून जिथून गेला त्या जागांची यादी ठेवायची आणि त्याने 'मागे' म्हटलं की यादीतल्या आधीच्या जागी न्यायचं. अर्ध्या तासाचं काम.

मग तो पुन्हा खेळला. मालकाचा मुलगा होऊन स्वयंपाकघरात गेला, तिथून बागेत आला, बागेत मजूर झाला आणि 'मागे' टाइप केलं. यादीत आधीची जागा स्वयंपाकघर होती. गेमने त्याला थेट माठापाशी नेऊन उभं केलं. त्याने 'पाणी पी' लिहिलं. 'पाणी गार आहे,' असं उत्तर आलं. तो मनापासून हसला.

आणि मी काय केलं? "चूक राहिली रे," म्हणत कीबोर्ड ओढून घेतला. मागे जातानाही कोण जातोय ते तपासायचं, अशी अट चार ओळींत घातली आणि त्यालाच म्हणालो, "आता बघ." त्याने परत तसंच केलं. या वेळी आईचं वाक्य आलं.

"हे तुले लिव्हाले कोनी सांगितलं?" त्याने विचारलं.

"घरी असंच होतं. खरं वाटायला नको का?" मी वर चिडलोही.

"ते घर तुह्या आजोबानं बांधलं," तो म्हणाला. "हे तं तू बांधलं."

तो डबा खायला उठून गेला. मला माझ्याच हातांची शिसारी आली. आजोबांना आणि आईला नावं ठेवत मी स्वतःला सुधारलेला समजत होतो, आणि तीच अडवणूक कुणी न सांगता, जराही न अडखळता लिहून मोकळा झालो होतो. तो परत येईपर्यंत मी अट काढली, आईचं वाक्यही काढलं.

"आता कुणालाही सगळीकडे जाता येतं," मी म्हटलं. "खेळून बघ."

"तूच खेळ," तो म्हणाला. "मजूर होऊन."

गेम अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. अधूनमधून उघडतो. दर वेळी मालकाचा मुलगाच होतो.