तुर्दाकून उस्ताची बिजागरी

तुर्दाकून उस्ताच्या गॅरेजच्या भिंतीवर घोड्याची एक रिकीब टांगलेली आहे. तिचा घोडा मरून तीस वर्षं झाली. उस्तानं, म्हणजे आमच्या गावच्या कारागिरानं, तिला लांब दांडा जोडला, तिचा तळ घासून गोल केला, आणि आता तिनं तो इंजिनातल्या व्हॉल्वच्या स्प्रिंगा दाबतो. शेजारी खोगिराचा जुना पट्टा आहे, त्याला लाकडाचं दांडकं. तो आवळून ऑइल फिल्टर पिळून काढायचा. पिस्टनच्या रिंगा दाबून धरायला रंगाच्या डब्याचा पत्रा. आख्ख्या भिंतीवर दुकानातून आणलेलं असं काही असेल तर ते खिळे.

माझा चहाखाना बरोबर समोर आहे, त्यामुळे ही भिंत मी बावीस वर्षं बघतेय. आमच्या कोचकोरमध्ये घाटातून उतरलेली किंवा घाट चढायला निघालेली प्रत्येक गाडी कधी ना कधी उस्ताच्या दारात उभी राहते, आणि तिचा मालक माझ्या बाकावर. उस्ताच्या प्रत्येक हत्याराला नाव आहे. ज्याच्या गाडीसाठी ते पहिल्यांदा बनवलं, त्याचं. मुकाशचा चिमटा, मास्तरांच्या बायकोचा हूक, एक नुसताच 'लोभी' म्हणून पाना आहे, तो कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक आहे. जुमागुलची काठीही आहे. जुमागुल म्हणजे मी. ती काठी कशाला लागते ते मी अजून विचारलेलं नाही.

दुकानातल्या हत्यारांबद्दल उस्ताचं मत मी हजारदा ऐकलंय. "ते आख्ख्या जगासाठी बनवलेलं असतं, जुमागुल. आख्ख्या जगाची गाडी माझ्याकडं येत नाही. माझ्याकडं मुकाशची येते." असं म्हणून तो चहात लोणी ढवळायचा, आणि ऐकणारा मान हलवायचा. मीही हलवायचे. माणूस इतक्या खात्रीनं बोलत असला की मान आपोआप हलते.

तर ह्या माणसाच्या पोरानं त्याच्यासाठी दुकानातून हत्यारांची पेटी आणली.

एर्मेक सहा वर्षं रशियात, नोवोसिबिर्स्कच्या एका मोठ्या गॅरेजात होता. वसंतात दहा दिवसांसाठी घरी आला, आणि बॅगेतून आधी लाल पेटी काढली. आत काळा स्पंज, त्यात प्रत्येक नगाला आपापला खळगा. पट्ट्या, पिना, पुलर, एकूण अठरा नग, आणि सगळे एकाच जातीच्या जर्मन गाडीच्या इंजिनासाठी. आमच्याकडं त्या जातीच्या गाड्या मेंढरांसारख्या वाढल्यात. माझी पांढरी व्हॅनही त्यातलीच.

उस्तानं पेटी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि गॅरेजात नेण्याऐवजी घरात नेऊन रजयांच्या चळतीसमोर ठेवली, जिथं आम्ही मानाच्या पाहुण्याला बसवतो तिथं. त्याच्या बायकोनं, बुरुलनं, वर फुलाफुलांचा रुमाल घातला. झालं! नवी सून किंवा तान्हं मूल पहिल्यांदा पाहिलं की आमच्यात हातावर काहीतरी ठेवायचं असतं. शेजारणी येऊ लागल्या, रुमाल उचलायच्या, "अगं बाई, काय चकाकतंय!" म्हणायच्या आणि गोळ्या-बिस्किटं ठेवून जायच्या. चार दिवसांत पेटीला दोन किलो मिठाई आणि मोज्यांचा एक जोड मिळाला. हात मात्र कुणी लावला नाही.

पाचव्या दिवशी बुरुल माझ्याकडं आली. डोळे लाल.

"एर्मेक राहायचं म्हणतोय," ती म्हणाली.

"मग रडतेस कशाला?"

"अट आहे गं. म्हणाला, अपा, आके ती पेटी गॅरेजात नेतील आणि मला शेजारी उभं करतील, तर मी परत जात नाही. नाहीतर गुरुवारी सकाळची बस." आमच्यात आईला अपा म्हणतात, बापाला आके.

"मग सांग की म्हाताऱ्याला!"

"सांगायचं नाही म्हणाला. त्यांचं त्यांना वाटलं पाहिजे."

"अगदी बापावर गेलाय," मी म्हटलं. "तू रडू नकोस. तुला सांगायला बंदी आहे. मला कुणी घातलेली नाही."

पण सरळ सांगून उस्ता ऐकता तर त्याला उस्ता कोण म्हणालं असतं? मी दुसऱ्या दिवशी व्हॅन काढली आणि रस्ता ओलांडून त्याच्या दारात नेऊन लावली. निमित्त शोधावं लागलं नाही. सहा वर्षांपूर्वी उस्तानं तिच्या इंजिनाची चेन बदलली, तेव्हापासून ती पेट्रोल ढोसायची आणि घाटात म्हातारीसारखी धापा टाकायची. दोष अर्थात पेट्रोलचा. पंपावरच्या ओरोझला मी दर आठवड्याला सुनवायचे, "किती पाणी घातलंस आज? मासे तरी सोड त्यात." तो बिचारा शपथा घ्यायचा. मी ऐकायचे नाही.

"उस्ता, इंजिन उघडा," मी म्हटलं. "चेन खडखडतेय. आणि ती घरातली नवरी बाहेर आणा. माझ्या गाडीला मला नवीच हत्यारं लावून पाहिजेत."

"हे गॅरेज आहे, जुमागुल. तुझा लागमानच्या शेवयांचा वाडगा नाही, तिखट कमी घाल, मांस जास्त घाल, असं सांगायला."

"मग मी गाडी नारीनला नेते. तिथं म्हणे एक पोरगा आहे, हात फार चांगला आहे त्याचा."

उस्ताच्या मिशा हलल्या. तो घरात गेला आणि पेटी घेऊन आला. फुलाफुलांचा रुमाल तसाच वर होता. मागोमाग एर्मेक आला, बाही दुमडत, तोंडावर काही न दाखवता. पोरगं मोठं झालं होतं खरं.

आता थोडं इंजिनाचं. मी काही कारागीर नाही, पण बावीस वर्षं समोर बसून दगडालाही कळलं असतं. ह्या इंजिनाच्या माथ्यावर दोन दांडे फिरतात, कॅमशाफ्ट. चेन बसवताना ते दोन्ही एका ठरलेल्या जागी अडवून धरावे लागतात. त्यांच्या टोकांना फटी असतात. दोन्ही फटींत मिळून एक सपाट पट्टी घातली की दांडे हलत नाहीत. उस्ताची ती पट्टी म्हणजे जुन्या शाळेच्या दाराची बिजागरी. तिचं नाव 'मुकाशची बिजागरी', कारण आमच्या ढोरांच्या डॉक्टरची, मुकाशची, गाडी ही गावातली त्या जातीची पहिली.

"आधी माझी," उस्ता म्हणाला आणि बिजागरी फटीत सरकवली. "हे बघ. बसली."

एर्मेकनं बोटाच्या टोकानं तिला टिचकी मारली. ती हलली.

"आके, हलतेय."

"थोडी हलणारच. इंजिनाला श्वास घ्यायला जागा नको?"

एर्मेकनं बिजागरी काढली, पेटीतली पट्टी उचलली. ती काही आत जाईना. उस्ता खुश! "बघ! तुझी तर बसतच नाही. कारखान्यात कुणी मोजलं होतं की नाही?"

एर्मेकनं पाना घेतला, एक दांडा किंचित, नखभर फिरवला. पट्टी टक् करून आत गेली. मग त्यानं हलवून पाहिली, मीही बोट घालून पाहिलं. हलली नाही.

उस्तानं खिशातून आपला कॅलिपर काढला. बिजागरी मोजली. पट्टी मोजली. चष्मा पुसून परत मोजली. तिसऱ्यांदा मोजली. बिजागरी अर्धा मिलिमीटर पातळ होती.

"मुकाशच्या इंजिनात घट्ट बसली होती," तो हळू म्हणाला. "मी फटीवर घासून घासून केली होती."

"त्या इंजिनाच्या फटीत जळकं ऑइल थिजलेलं असेल," एर्मेक म्हणाला. "साफ केली होती का?"

उस्तानं कॅलिपर मिटून खिशात घातला. साफ केली नव्हती. घाणीच्या मापाची बिजागरी कापली आणि पुढं स्वच्छ फटींच्या चौदा गाड्यांना तीच लावली. पुरते अडलेले नसल्यामुळं दांडे दर वेळी त्याच बाजूला जरासे कलायचे. चौदा गाड्या वर्षानुवर्षं जास्त पेट्रोल पीत होत्या, आणि आख्खं कोचकोर म्हणत होतं की घाटाची हवाच तशी आहे.

"आके," एर्मेक आवाज खाली करून म्हणाला, "कुणाला कळायची गरज नाही. ज्या ज्या येतील त्या नीट लावून देऊ. एजे काही बोलायच्या नाहीत."

एजे म्हणजे ताई, म्हणजे मी. मी चक्क गप्प बसायला तयार होते. देवाशप्पथ.

उस्तानं रॉकेलनं हात धुतले, पुसले, टोपी नीट केली आणि रस्ता ओलांडला. भर दुपार होती, माझा चहाखाना गच्च. मी मागून धावत गेले तोवर तो मधोमध उभा राहिला होता.

"ज्यांच्या ज्यांच्या जर्मन गाडीची चेन मी बदललीय त्यांनी ऐका," तो म्हणाला. "ती चुकीची बसलीय. हत्यार माझं होतं, चूक माझी. गाड्या आणून लावा. मी परत बसवतो, तुम्ही काही द्यायचं नाही."

 कोपऱ्यातल्या ओरोझनं काटा खाली ठेवला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "सहा वर्षं, एजे! सहा वर्षं!"

मी त्याला लागमानचा दुसरा वाडगा वाढला, मांस अंमळ जास्त घातलं. मी सगळ्यांदेखत माफी मागितली असं तो गावभर सांगतो. मी वाढलं, एवढंच.

संध्याकाळपर्यंत गल्लीत गाड्यांची रांग लागली. कुणी उस्ताला वाकडा शब्द बोललं नाही, पण रिकाम्या हातानंही कुणी आलं नाही. फुकट काम करून घेणं आमच्या लोकांना जमत नाही. कुणी कुरुतचे, सुकवलेल्या दह्याचे, गोळे, कुणी गरम रोट्या. मुकाश मेंढीची तंगडी घेऊन आला आणि म्हणाला, "तुम्ही दुसऱ्यांदा चेन बदललीत तेव्हापासून मला वाटायचं मीच जाड झालोय म्हणून गाडी चढत नाही. बायकोनं तीन वर्षं मला उपाशी ठेवलंय, उस्ता. ते कसं भरून देणार?"

पुढचे तीन दिवस बापलेक इंजिनावर वाकलेले. पहिल्या गाड्या एर्मेकनं लावल्या. उस्ता शेजारी उभा राहून बघायचा, मधेच विचारायचा, "ही पिन आधी का? ती नंतर का?" त्याला कुणाला काही विचारताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मास्तरांच्या गाडीत एक बोल्ट असा गंजला होता की त्याचं डोकं गोल झालेलं. पेटीत अठरा नग, पण त्याला एकही लागेना. उस्तानं जुन्या बेअरिंगची कडी तापवली, ठोकली, अर्ध्या तासात बोल्ट बाहेर. एर्मेकनं ते गरम गरम हत्यार हातात फिरवून पाहिलं आणि भिंतीवर खिळा ठोकून स्वतः टांगलं. पण राहण्याचं कुणी काही बोलेना. बुरुल माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं.

बुधवार उजाडला. नववी गाडी. उस्ता म्हणाला, "आज तू खिशात हात घाल." एर्मेकनं घातले. उस्तानं एकट्यानं फटी घासून साफ केल्या, पट्टी बसवली, चेन चढवली, पट्टी काढली, किल्ली फिरवली. इंजिन इतकं मऊ चालू झालं की दारात झोपलेलं मुकाशचं कुत्रंसुद्धा उठलं नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. काम शिकून झालं की शिकणारा शिकवणाऱ्यासमोर दोन्ही तळवे उघडून उभा राहतो आणि आशीर्वाद मागतो. तो मिळाला की मगच ते काम त्याचं. आशीर्वाद देतो तो नेहमी थोरला, घेतो तो धाकटा.

उस्तानं हात धुतले. टोपी नीट केली. आणि साठी उलटलेला तो माणूस आपल्या पोटच्या पोरासमोर तळवे उघडून उभा राहिला.

"उद्या तू जाशील," तो म्हणाला. "पेटी राहील. मला तिच्यावर काम करायचंय. आशीर्वाद दे."

माझा हात तोंडावर गेला. बुरुल चहाची किटली घेऊन दारात होती, ती तिथंच थिजली. एर्मेकचे कान लालबुंद झाले. त्यानं पुढं होऊन बापाचे दोन्ही तळवे आपल्या हातांत घेतले आणि मिटले.

"नाही देणार."

"का?"

"तुमचं शिकून झालेलं नाही, आके."

"बसवली की आत्ता पट्टी! तुझ्यासमोर!"

"एक पट्टी. अजून सतरा नग आहेत."

उस्तानं पेटीतले खळगे बोटानं मोजले. मग विचारलं, "किती दिवस लागतील?"

"तुमच्या वयाला? तीनेक वर्षं तरी."

"दोन," उस्ता म्हणाला. गरजेपेक्षा बराच मोठ्यानं. "दोनच! मी काही मठ्ठ नाही."

बुरुलनं किटली माझ्या हातात कोंबली, खुंटीवरच्या एर्मेकच्या जाकिटातून बसचं तिकीट काढलं आणि कुणालाही न विचारता टराटरा फाडून टाकलं.