काचपट्टी धुताना आलेला फोन

दिवे उजळतात ते एका लांबट खोलीवर. डावीकडे बेसिन आणि रंगांच्या बाटल्या, मधोमध सूक्ष्मदर्शक, उजव्या भिंतीला फोन. पांढऱ्या कोटातली, जांभळ्या बोटांची बाई म्हणजे माझी ताई. रुग्णालयात जंतू ओळखायचं काम करायची.

आम्ही नाटकवाले रंग लावून तोंड लपवतो. ताई रंग लावून जंतूंना उघडं पाडायची. काचपट्टीवर आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटची धार. "जाड भिंतीचे जंतू रंग धरून बसतात," ती सांगायची. "पातळ भिंतीवाल्यांचा वरचा तेलकट पापुद्रा स्पिरिटनं विरघळतो, रंग पळतो. मग त्यांना गुलाबी चढवायचा. कोण कुठल्या घराण्याचा, ते भिंतीवरून कळतं."

"आणि माझी भिंत?"

"तुला कसली भिंत? तू नुसता पडदा!"

त्या दुपारी मी तिचा डबा घेऊन गेलो होतो. रुसून परदेशी गेलेल्या तिच्या लेकीनं माझ्याकडे निरोप दिला होता, आज आईला कामावर फोन करीन. लग्नावरून भांडण झाल्यापासून ताईनं तिचा आवाज ऐकला नव्हता.

ताईचे हात काचपट्टीवर, जीव फोनमध्ये. स्पिरिट जरा जास्तच वेळ राहिलं. भिंगाखाली पाहिलं आणि तिनं कपाळावर हात मारला. द्राक्षांच्या घोसासारखे गोल जंतू, आणि सगळे गुलाबी!

"असे घोस जांभळेच असतात. मीच रंग धुऊन टाकला."

वॉर्डात एक बाळंतीण तापानं फणफणली होती. कुठलं औषध द्यायचं ते ठरवायला डॉक्टर दारात उभे.

"डॉक्टर, थांबा. पुन्हा करते."

नवी काचपट्टी. स्पिरिट पडायला आणि फोन वाजायला एकच गाठ!

"तू घे रे! ठेवू देऊ नकोस तिला."

"मामा? आई कुठंय?"

"आलीच गं. हात गुंतलेत तिचे."

"ते कधी मोकळे होते?"

मी जुनी सगळी सोंगं काढली, म्हाताऱ्या राजाचा खोकलासुद्धा. भाची एकदा हसली. मग म्हणाली, "राहू दे मामा. बघू पुन्हा कधी."

तिकडे ताईनं गुलाबी रंग दिला, धुतला, भिंगात पाहिलं. "जांभळे!" डॉक्टर वॉर्डाकडे धावले.

कोटाला हात पुसत ती आली. मुका रिसीव्हर माझ्याकडून घेऊन कानाला लावला, उगाच ऐकत राहिली. मग हळूच विचारलं, "आवाज कसा होता रे तिचा? सर्दी नव्हती ना झालेली?"