अक्कांनी तेल बरोबरच मोजलं होतं

मागच्या बुधवारी दुकान बंद ठेवून तापीकाठी गेलो होतो... एका बाईंची माफी मागायला. सात महिने उशिरा.

माझं दोंडाईच्यात पंप आणि इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांचे एक जुने मित्र, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तापीवरच्या बॅरेजच्या मागच्या पाण्यात मासेमारी करतात. नावेत सोबत कायम त्यांच्या पत्नी, अक्का. आबांनी वल्हवायचं, अक्कांनी जाळं सोडायचं... तीस वर्षं असंच चाललेलं.

आबांचे खांदे दुखायला लागले म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्यांनी सुरतेकडून नावेच्या मागे लावायचं जुनं मशीन आणलं. वरून निळा रंग अगदी ताजा. त्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावं लागतं, ते काम अक्कांनी घेतलं... पाच लिटरच्या कॅनला चहाचा एक पेला तेल.

नवव्या दिवशी मशीन भर पाण्यात बंद पडलं. समोरून वारा होता. दोघं तीन तास वल्हवत कसेबसे काठाला लागले आणि दुसऱ्या दिवशी मशीन रिक्षात घालून माझ्याकडे आले.

दुकानात पंपांची गर्दी होती. प्लग काढून दाब मोजायचं गेज लावलं, तर वरच्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ गेलेलं, खालच्याचं ठीक. आता उघडून बघायला हवं होतं... पण हेडचे, म्हणजे सिलेंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट गंजून बसले होते, एखादा तुटला तर माझा अख्खा दिवस गेला असता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "आबा, पेट्रोलात तेल कमी पडलं. पिस्टन घासला."

आबांनी अक्कांकडे पाहिलं. "येवढं एकच काम व्हतं तुनाकडे," एवढंच म्हणाले. अक्का पदर सारखा करून रिक्षात जाऊन बसल्या.

त्यानंतर आबा एकटेच नाव घेऊन जायला लागले. मशीन माझ्याकडेच गोणपाटाखाली पडून राहिलं. अक्का आता फक्त बाजारात मासे विकायला बसतात, असं कोणीतरी सांगितलं... वाईट वाटलं. पण आपलं निदान चुकलं असेल, असं एकदाही मनात आलं नाही.

गेल्या आठवड्यात आबांचा निरोप आला, मशीन भंगारात देऊन टाक. निदान कामाचे पार्ट काढून ठेवू म्हणून मी ते खोलायला घेतलं. बोल्ट तापवून, तेल सोडून, हेड निघेपर्यंत दुपार झाली.

आत पाहिलं... पाणी फिरून इंजिन थंड राहावं म्हणून ज्या बारीक वाटा असतात, त्या पांढऱ्या मिठाने गच्च भरलेल्या. वरच्या बाजूला उष्णतेने हेडखालची पट्टी, गास्केट, जळलेलं, तिथून सिलेंडरमध्ये पाणी शिरून गंज चढलेला. खालचा सिलेंडर मात्र लख्ख, तेलाने ओलसर.

तापीच्या गोड्या पाण्यात मीठ कुठून येणार? मशीन आधी समुद्रात चाललेलं होतं, आतून कधी धुतलंच नव्हतं. आबांनी घेतलं तेव्हाच ते आतून संपत आलं होतं.

आणि दोन्ही सिलेंडर एकाच कॅनमधलं पेट्रोल पितात. तेल कमी पडलं असतं तर दोन्ही घासले असते... हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. गेज माझ्याच हातात होतं.

बुधवारी ते हेड पिशवीत घालून नेलं. अक्का ओट्यावर मासे साफ करत होत्या, आबा दारात जाळं विणत होते. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "अक्का, तुमचं माप बरोबर होतं. मीच न उघडता बोललो."

अक्कांनी हात धुतले. नखाने ते मीठ थोडं खरवडलं, जिभेला लावून पाहिलं. "खारं शे," म्हणाल्या. मग, "आते भाजीमा तेल टाकानं तरी मी दोनदा मोजस, भाऊ. माले वाटे, मनाच हात चुकना."

आबांचे हात जाळ्यावर थांबले होते. ते म्हणाले, "सकायले चाल नावमा."

"आते नको," अक्का शांतपणे म्हणाल्या. "सवय मोडी गयी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं... मी निघालो तर त्यांनी हाताला धरून बसवलं आणि तव्यावरचा मासा नि भाकरी पुढे ठेवली.

मशीनला जुन्या बाजारातून हेड मिळेल, आतलं मीठ-गंज साफ करून ते मी माझ्या पदरचं बसवून देणार आहे. पण सात महिने एक बाई स्वतःच्या हातावर अविश्वास ठेवत राहिली, ते कशाने भरून देऊ? तरीही त्यांनी मला उपाशी जाऊ दिलं नाही... अक्का, त्या भाकरीची जाणीव आहे मला.